सध्या कितव्या पानावर आहात? खान्देशातल्या पुस्तक-गप्पांत नव्याने येणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावात पाच-सात जण ठरवून एकत्र बसतात, येताना आपापलं चालू पुस्तक घेऊन येतात आणि तास-दीड तास त्यावर बोलतात. प्रकार एवढाच आहे. कुणी त्याला पुस्तक कट्टा म्हणतं, कुणी वाचनकट्टा, कुणी नुसतंच ‘रविवारचं बसणं’. जागा मिळेल ती: वाचनालयाची खोली, सुटीच्या दिवशी शाळेचा वर्ग, नाहीतर कुणाच्या तरी घराची गच्ची.

नव्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “माझं फारसं वाचन नाही हो.” ते चपलांसोबत दाराबाहेर ठेवायचं. इथे किती वाचलंय हे कुणी विचारत नाही, सध्या काय वाचताय आणि कितव्या पानावर आहात एवढंच विचारतात. अमळनेर-पारोळ्याकडे असाल तर “काय वाची ऱ्हायना भो?”, भुसावळ-यावलकडे असाल तर “काय वाचू राहिला रे भो?”. उत्तर देता आलं की तुम्ही गटात आलात.

अर्धवट पुस्तक आणा

संपलेलं पुस्तक घरी ठेवा. संपलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला लागलो की आपोआप भाषण होतं. आधी लेखकाचा परिचय, मग कथानक, मग ‘भाषा ओघवती आहे’, शेवटी ‘सर्वांनी जरूर वाचावं’. ऐकणारे माना डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाबद्दल असं बोलताच येत नाही. पुढे काय होणार ते आपल्यालाच ठाऊक नसतं. एखाद्या पात्राचा राग आलेला असतो, एखादं प्रकरण डोक्यावरून गेलेलं असतं, चाळीस पानांपूर्वी आलेला माणूस कोण होता ते आठवत नसतं. हे सगळं बोलून दाखवलं की समोरचा काहीतरी विचारतो, आणि तिथून गप्पा सुरू होतात.

पुस्तक कोणतं, तर जे खरोखर उशाशी आहे ते. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, दिवाळी अंकातली एखादी कथा, काहीही. केळीवरच्या करप्याची माहितीपुस्तिका घेऊन आलेला शेतकरी गटात सगळ्यात जास्त प्रश्न खाऊन जातो, कारण रावेर-यावलच्या पट्ट्यात त्या विषयावर प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं असतंच. अभ्यासिकेत दिवसभर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसणारी मुलं बिचारी म्हणतात, आमचं काही वाचन नाही. आहे की! आधुनिक भारताच्या इतिहासातलं एक पान त्यांनी मोठ्याने वाचलं तर गटातल्या म्हाताऱ्यांना बेचाळीसच्या ऐकीव गोष्टी आठवतात, आणि त्या गोष्टी त्या मुलांच्या गाइडमध्ये नसतात.

फक्त एक पथ्य. वजनदार नावाचं पुस्तक नुसतं मिरवायला आणू नका. दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडायला होतं.

पुस्तक मिळवायचं कुठून

गावातलं सार्वजनिक वाचनालय गाठा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यापाड्यांतही शासनमान्य वाचनालयं उभी राहिली. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘ड’ वर्गाचं म्हणजे बहुतेकदा एक खोली, काही कपाटं आणि वर्तमानपत्रांचं टेबल. पण कपाटं उघडून पाहा, तिथे अशी पुस्तकं सापडतात जी दुकानात आता मिळायची नाहीत. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची, झालं. जळगावला असाल तर व. वा. वाचनालय आहेच. दिवाळीनंतर बरीच वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना काढतात. थोड्या पैशांत पुढचे काही महिने अंक फिरत राहतात. ज्याला जाड पुस्तकाची धास्ती आहे त्याने इथूनच सुरुवात करावी.

मोबाइलवर पीडीएफ पाठवण्याबद्दल एकदाच सांगतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तकं स्वतःच संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ती खुशाल पाठवा. पण परवा बाजारात आलेल्या कादंबरीची पीडीएफ गटात टाकणारा माणूस पुस्तकप्रेमी नव्हे. त्याला तसं तोंडावर सांगावं.

दहा मिनिटांची तयारी

वहीचा कागद फाडून एक लांबट चिठ्ठी करा आणि पुस्तकात खुणेला ठेवा. वाचता वाचता त्या चिठ्ठीवर पेन्सिलीने फक्त पान क्रमांक टिपत चला, सोबत एखादा शब्द: ‘34 विहीर’, ‘51 हसू आलं’, ‘70 हे पटत नाही’. गप्पांच्या दिवशी चिठ्ठीवर सहा-सात आकडे असतील. त्यातला एक निवडायचा.

निवडलेल्या पानावरचा एक परिच्छेद घरी मोठ्याने वाचून पाहा. मनात वाचताना सुंदर वाटलेला परिच्छेद तोंडाने वाचताना बऱ्याचदा अडखळतो: वाक्य लांब असतं, श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही, तीन पात्रांची नावं एकदम येतात. असं झालं तर दुसरा निवडा. संवाद असलेला मजकूर सगळ्यात सोपा जातो. दोन मिनिटांपेक्षा जास्त वाचू नका. त्यापुढे ऐकणाऱ्याची नजर घड्याळाकडे जातेच, आणि तो त्याचा दोष नाही.

आता बोलायचं काय? पुस्तकाचं नाव आणि पान. गोष्ट सध्या कुठे येऊन थांबली आहे ते दोन-तीन वाक्यांत. मग तो परिच्छेद. मग आपल्याला पडलेला एक प्रश्न. बास.

समजा, तुम्ही ‘कोसला’ वाचताय. भालचंद्र नेमाडे आपल्या सांगवीचे, त्यांना ज्ञानपीठ मिळालं, कादंबरी 1963 ची, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. ते सांगण्यात वेळ घालवू नका. असं बोला: “मी कोसला वाचतोय. पांडुरंग अजून पुण्यातच आहे. बाप गावाकडून पैसे पाठवतोय आणि हा उधळतोय. खरं सांगू का, मला त्याचा राग येतोय. सगळे म्हणतात फार मोठी कादंबरी आहे. मग राग यायला पाहिजे का?” एवढं बोलून गप्प बसा. पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलायची गरज पडणार नाही. कुणीतरी स्वतःच्या पुण्यातल्या दिवसांवर येईल, कुणी म्हणेल राग यायलाच पाहिजे, कुणी बापाची बाजू घेईल. खान्देशातून पुण्याला शिकायला गेलेलं एक तरी पोर प्रत्येक घरात असतं, त्यामुळे हा विषय पुस्तकापुरता राहतच नाही.

गाजलेलं पुस्तक आवडलं नाही असं सांगायला घाबरू नका. मात्र ‘बेकार आहे’ म्हणून सोडून देऊ नका. कितव्या पानावर कंटाळा आला ते सांगा.

आणि शेवट फोडू नका. समोरचा त्याच पुस्तकाच्या मध्यावर असेल तर “पुढे बघ काय होतं ते!” असं डोळे मिचकावून म्हणणंसुद्धा वाईटच.

ऐकणाऱ्याचं काम

पहिल्या दिवशी बोलला नाहीत तरी चालेल, पण एक प्रश्न विचाराच. ‘यातून लेखकाला काय सांगायचंय?’ हा शाळेतला प्रश्न झाला. त्यावर उत्तरही शाळेतलंच येतं. त्यापेक्षा ‘तो माणूस घर सोडून गेला तेव्हा बायको काय म्हणाली?’ असं विचारा. ‘हे वाचताना तुम्हाला आपल्याकडचं कोण आठवलं?’ असं विचारा. किंवा नुसतं ‘ते वाक्य परत वाचता का?’ म्हणा. हा शेवटचा प्रश्न कधीच वाया जात नाही.

प्रत्येक गटात एक तरी निवृत्त गुरुजी असतात. त्यांचं वाचन दांडगं असतं, स्मरणशक्ती त्याहून दांडगी, आणि एकदा सुरू झाले की 1944 च्या धुळ्याच्या साहित्य संमेलनापासून 2024 च्या अमळनेरच्या संमेलनापर्यंत सगळं येतं. त्यांना मध्येच तोडू नका. लहान तोंडी मोठा घास दिसतो, आणि गावात ते पुढे जड जातं. उपाय साधा आहे: “सर, त्या पुस्तकातलं एखादं पान वाचून दाखवता का?” गुरुजी पुस्तक हातात घेतात, चष्मा सारखा करतात, आणि भाषण थांबतं. पुष्कळदा वाचतातही फार छान. अण्णा, आप्पा, जिभाऊ, नाना जे कुणी असतील त्यांना हाच उपाय लागू पडतो.

थोडं अवघड बोलतो. लेखक कोणत्या समाजाचा, कुणाच्या बाजूचा, यावर गाडी गेली की गप्पा बिघडतात. तो विषय टाळावा असं मी म्हणणार नाही, पुस्तकात असेल तर बोललंच पाहिजे. पण पानावर बोट ठेवून बोला. “हे कुठे लिहिलंय, दाखवा” असं कुणीतरी शांतपणे म्हणावं. दाखवता आलं तर चर्चा होऊ द्या. नाही आलं तर चहा मागवा.

आपल्या बोलीत बोला

पुस्तकाबद्दल बोलायचं म्हणजे पुण्याच्या भाषेत बोलायचं, असं काही नाही. अहिराणी, लेवा गणबोली, गुजर घरातली बोली, शहादा-तळोद्याकडची पावरी, ज्यात जीभ वळते त्यात बोला. “आते माले समजनं” असं कुणी म्हणालं की बैठक एकदम सैल होते, हे कुणीही अनुभवून पाहावं.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही बोलवा. हे मी उगीच म्हणत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या कामाच्या ओघात गाणी म्हणायच्या, त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी ती उतरवून घेतली. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ती गाणी शहरात वाढलेला माणूस वाचायला लागला की दर दोन ओळींना अडखळतो. अशा वेळी गटातल्या एखाद्या अक्कांना किंवा मावशींना म्हणावं, “तुम्ही म्हणून दाखवा.” त्यांना पुस्तक लागतच नाही. ते झालं की त्यांच्या स्वतःच्या जात्यावरच्या ओव्या निघतात, आणि त्या दिवशी बाकीच्यांची पुस्तकं पिशवीतच राहतात. राहू द्या.

दुसरी गोष्ट धुळ्याच्या तुरुंगातली. 1932 साली विनोबा तिथे कैदेत होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, असे अठरा रविवार त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर सोबतच्या कैद्यांशी बोलणं केलं. साने गुरुजी समोर बसून ते लिहून घेत होते. त्याचंच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. म्हणजे बोलणारा एक आणि उतरवून घेणारा दुसरा. आपल्या मातीतली ही दोन्ही पुस्तकं अशीच झालीत. वार ठरलेला, हप्त्याला एकच अध्याय, आणि लिहून घेणारा माणूस हजर, एवढ्या तीन गोष्टी तुरुंगात जमल्या होत्या. आपल्याला तर गच्ची आहे.

म्हणून गटाची एक वही ठेवा. दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची. तारीख, कोण आलं, कोण काय वाचतंय, कितवं पान. आणि कुणी काही लक्षात राहण्यासारखं बोललं तर ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत, सुधारून न घेता. लिहिणारा दर वेळी बदला. एकाच माणसाकडे वही दिली की तो सचिव होतो, मग इतिवृत्त वाचून कायम करायला लागतो.

गावात गट नसेल तर

स्वतः सुरू करा. तीन माणसं पुरतात. आठाच्या वर गेली की सगळ्यांना बोलायला मिळत नाही. मग दोन गट करा. अध्यक्ष, उद्घाटन, हारतुरे, फ्लेक्स यातलं काही नको. फ्लेक्स लागला की फोटो येतात, फोटो आले की पाहुणे येतात, आणि पाहुणे संपलेल्या पुस्तकावर बोलतात.

वेळ ठरवताना शेवटची एसटी पाहा. बाजूच्या खेड्यावरून येणारा माणूस साडेसहाच्या गाडीने परतणार असेल तर सव्वासहाला थांबलंच पाहिजे, मग चर्चा कितीही रंगात असो. आठवडे बाजाराचा दिवस त्यासाठीच सोयीचा पडतो, माणसं तशीही गावात आलेली असतात. घरच्या बायकांना यायचं असेल तर दुपारी तीन ते साडेचार. संध्याकाळी सहाला ठेवाल आणि मग ‘बायका येत नाहीत’ म्हणाल, तर चूक तुमची.

बाकी वर्षाचा हिशेब शेतीवर. कापूस वेचणीच्या दिवसांत उपस्थिती पडते, हिरमुसू नका. लग्नसराईत तर दर रविवारी कुणाची ना कुणाची हळद असतेच. मे महिन्यात दुपारचं नाव काढू नका; पारा 44-45 ला टेकलेला असतो, त्यामुळे रात्री साडेआठला गच्चीवर पाणी मारून बसा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्या आठवड्यात एक बैठक मुद्दाम ठेवा. सुरत-नाशिक-पुण्याकडे नांदणाऱ्या मुली तिकडचं वाचन घेऊन येतात आणि वर्षभराचं बोलून घेतात.

हिवाळ्यात कुणीतरी शेतात भरीत पार्टी काढणार. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, सोबत कळण्याची भाकरी. जरूर काढा, पण पुस्तकं आधी आणि भरीत नंतर. उलटं केलंत तर जेवणानंतर फक्त घोरणं ऐकू येतं. आणि पुस्तकं जाळापासून, तेलापासून लांब ठेवा. हिरव्या मिरचीच्या भरताचा डाग पानावरून जात नाही.

मोबाइलवर गट करायचा असेल तर नियम एकच: पुस्तकाचं नाव, पान क्रमांक आणि स्वतःचं एक वाक्य. सुप्रभातची फुलं दुसरीकडे.

पुस्तकं देणं-घेणं

गप्पा रंगल्या की कुणीतरी म्हणणारच, “तुमचं झालं की मला द्या.” द्या, पण वहीत लिहून द्या: नाव, तारीख, परत कधी. ओळखीत कसलं लिहायचं, असा संकोच करू नका. ओळखीतलीच पुस्तकं परत येत नाहीत. स्वतःचं पुस्तक असेल तर पहिल्या पानावर नाव घाला, आणि आत कुठेतरी एका ठरावीक पानावर बारीक सही करा. वाचनालयाचं पुस्तक परस्पर फिरवू नका, दंड तुमच्या नावावर चढतो.

सगळ्यांनी एकच पुस्तक वाचावं का?

हा प्रश्न दोन-तीन महिन्यांत निघतोच. माझं मत, घाई करू नका. एकच पुस्तक ठरलं की निम्मे जण वाचून येत नाहीत आणि न वाचल्याच्या लाजेने येणंच बंद करतात. करायचंच असेल तर एखादी दहा-बारा पानांची कथा घ्या, झेरॉक्स काढा, आणि तिथेच बसून आळीपाळीने मोठ्याने वाचा. घरचा अभ्यास नाही, त्यामुळे पळवाटही नाही. एकाने एक पान वाचायचं, पुढच्याने पुढचं. मध्ये कुणाला थांबवून काही विचारावंसं वाटलं तर विचारायचं. कथा त्या दिवशी संपली नाही तरी बिघडत नाही, झेरॉक्स वहीत ठेवून द्या.

उठण्याआधी पुढची तारीख सगळ्यांच्या समोर ठरवा आणि वहीत लिहा. ठरवताना कुणाच्या घरी लग्न आहे का ते विचारून घ्या. असेल तर पुढचा रविवार धरा.